इन्स्टॉलेशन अर्धवट अडकतं, तेव्हा आधी ते कुठे अडकलं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करणाऱ्या तरुणाने दोन मशिनांबद्दल विचारलंय. ऑफिसातला डेस्कटॉप असेंबल केलेला आहे: चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबीच्या दोन रॅम, आणि जुन्या हार्डडिस्कच्या जोडीला नवीन एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून पेनड्राइव्हवरून एसएसडीवर विंडोज ११ टाकायला घेतलं, तर फाइली कॉपी होताना कधी ३५ टक्क्यांवर, कधी ६२ वर, कधी ८८ वर बंद पडतं आणि शेवटी ८००७०२५डी असा कोड येतो. दुसरा घरचा लॅपटॉप, बाराव्या पिढीचा इंटेल. विंडोज हळू झालं म्हणून नव्याने टाकायला गेले, तर सेटअप सुरू होतो पण डिस्कची यादी रिकामी. लॅपटॉपमध्ये बहिणीचं कॉलेजचं काम आहे. दुकानदाराने दोन्ही मशिनांचं निदान एकच केलं: मदरबोर्ड गेला.

दोन्ही मदरबोर्ड बहुतेक ठणठणीत आहेत. लॅपटॉपला एक ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर ओळखून चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, कमी पडतोय, बाकी काही नाही. डेस्कटॉपवर माझा पहिला संशय रॅमवर आहे, त्याखालोखाल पेनड्राइव्हवर, आणि मशीन यंत्रमागाच्या शेडशेजारी आहे म्हणून उष्णतेवर. कारणं पुढे सांगतो. पण त्याआधी एक विनंती: पेनड्राइव्ह लावून पुन्हा तेच करून बघणं आता थांबवा. प्रत्येक फेरीत सेटअप डिस्कवर काहीतरी लिहितो, आणि एखाद्या फेरीत थकलेल्या माणसाकडून चुकीच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या कप्प्यावर, ‘डिलीट’ दाबलं जातं. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, नाहीतर बदलता येतं. कारखान्याचा चार वर्षांचा हिशेब गेला तर तो कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून डेस्कटॉपचं पहिलं काम हेच. प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल बोर्डवरून उपसून ठेवा. जोडलेलीच नसेल तर सेटअप तिला हात लावू शकत नाही. याचा दुसरा फायदाही मोठा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना विंडोज एका डिस्कवर टाकलं, तरी बूट होण्यासाठी लागणारं छोटं पार्टिशन सेटअप पुष्कळदा दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, विशेषतः तिथे आधीपासून तसं पार्टिशन असेल तर. सगळं चालतं, सहा महिने कुणाला कळत नाही. मग जुनी हार्डडिस्क आवाज करायला लागते, कुणीतरी ती काढून टाकतं, आणि चांगल्या एसएसडीवरचं विंडोज उठतच नाही. अशी मशिनं ‘एसएसडी गेली’ म्हणून माझ्याकडे येतात. एसएसडीला काहीच झालेलं नसतं. इन्स्टॉलेशनच्या वेळी एकच डिस्क जोडा, बाकी सगळ्या काढा. हे मी कुठल्याही मशीनवर सोडत नाही.

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा नेमका कुठे आहे, तेही बघून ठेवा. बघण्यापुरती आणि कॉपी घेण्यापुरती जुन्या डिस्कची केबल परत जोडा, मग पुन्हा काढा. कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर डेटाच्या फोल्डरचा पत्ता दिसतो. तो डी ड्राइव्हवरच असेल असं गृहीत धरू नका, नवीन टॅलीत तो बहुधा सी ड्राइव्हवर असतो. जुनं विंडोज अजून उठत असेल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या, म्हणजे नव्या विंडोजवर ते चालू करताना अडवणूक होणार नाही. विंडोज उठतच नसेल, तर दुसऱ्या मशीनवर लिनक्स मिंट या, विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लाइव्ह सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. डेस्कटॉप दिसला की फाइल मॅनेजरमधून जुनी डिस्क उघडायची आणि फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उचलायचा. विंडोज नीट बंद झालं नसेल तर मिंट ती डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडतं. कॉपी घ्यायला तेवढं पुरतं. कॉपी घेतल्यावर एखादी फाइल प्रत्यक्ष उघडूनही बघा.

आता मुख्य मुद्दा. इन्स्टॉलेशन फसलं की सगळे कोड गुगलवर टाकतात, आणि तिथे एकाच कोडला सतरा उपाय सापडतात. मी आधी कोड बघत नाही, कुठल्या टप्प्यावर थांबलं ते विचारतो. पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही, डिस्क दिसत नाही, डिस्क दिसते पण घेत नाही, फाइली कॉपी होताना मरतं, की पहिल्या रीस्टार्टनंतर मरतं? प्रत्येक टप्प्यावर मशीनचे वेगवेगळे भाग कामाला लागलेले असतात, त्यामुळे संशयितांची यादी आपोआप आखूड होते.

तुमचा डेस्कटॉप कॉपीच्या टप्प्यावर मरतो. या टप्प्यावर मी आणखी एक गोष्ट विचारतो: दर वेळी त्याच टक्क्याला थांबतं की वेगवेगळ्या? दर वेळी ठीक ४७ ला थांबत असेल तर पेनड्राइव्हवरची एखादी ठराविक फाइल खराब आहे, नाहीतर डिस्कवरची एखादी ठराविक जागा. वेगवेगळ्या टक्क्यांना थांबत असेल तर फाइल बिचारी निर्दोष असण्याची शक्यता जास्त. मग दोष अशा ठिकाणी असतो जिथे प्रत्येक वेळी थोडं वेगळं घडतं. म्हणजे रॅम, सैल केबल, तापलेला प्रोसेसर, कमकुवत वीजपुरवठा. तुमचं ३५, ६२, ८८ आहे. तुम्ही हे आकडे लिहिलेत म्हणूनच मी इतक्या ठामपणे बोलू शकतोय.

कोडही तेच सांगतो. विंडोजच्या फाइली पेनड्राइव्हवर दाबून, एका मोठ्या गठ्ठ्यात ठेवलेल्या असतात. सेटअप त्यातला तुकडा उचलतो, रॅममध्ये उलगडतो आणि डिस्कवर लिहितो. ८००७०२५डी म्हणजे उलगडायला घेतलेला तुकडा वेडावाकडा निघाला. तो पेनड्राइव्हवरूनच तसा आला असेल, किंवा रॅममध्ये ठेवल्यावर त्यातला एखादा बिट पलटला असेल. ‘पण याच रॅमवर विंडोज १० रोज चालत होतं की’ असं तुम्ही म्हणाल. चालत असेल. रोजच्या कामात एखादा बिट पलटला तर एखादं चित्र बिघडतं, ब्राउझर बंद पडतो, आपण पुन्हा उघडतो आणि विसरतो. दाबलेली फाइल उलगडताना मात्र एका बिटाचीही माफी नसते. त्यामुळे कित्येक दिवस लपलेली रॅमची खोट पहिल्यांदा इन्स्टॉलेशनच्या वेळीच उघडी पडते, आणि लोक विंडोजला दोष देतात.

तपासायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवा.

पेनड्राइव्ह आधी. रस्त्यावर किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळालेला ‘६४ जीबी’ पेनड्राइव्ह असेल तर तो बाजूलाच ठेवा. आत कमी क्षमतेची चिप बसवून वर मोठा आकडा छापलेले पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. क्षमता संपल्यावर ते जुन्या डेटावरच नवीन लिहितात आणि कॉपी पूर्ण झाल्याचं खोटं सांगतात. चांगल्या कंपनीचा ८ किंवा १६ जीबीचा पुरेसा आहे. आयएसओ, म्हणजे विंडोजच्या सेटअपची मोठी फाइल, मायक्रोसॉफ्टच्या पानावरूनच घ्या. टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘लाइट’, ‘सुपरफास्ट’, ‘ॲक्टिव्हेटेड’ आवृत्त्या हिशेबाच्या मशीनवर टाकू नका. त्यात कुणी काय घातलंय आणि काय काढलंय हे कळायला मार्ग नसतो, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं आणि जीएसटीचं लॉगिन करणार आहात. डाउनलोड झालेली फाइल पूर्ण आहे का, हे हॅश, म्हणजे फाइलच्या ठशासारखा आकडा, काढून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल हे साधन आधीपासून असतं, त्यातून निघालेला शा-२५६ आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकड्याशी ताडायचा. आणि पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची लांब वायर बोर्डापर्यंत जाते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती हमखास सैल असते.

पेनड्राइव्ह बदलूनही तेच झालं तर रॅम. प्लग काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवा, दोन्ही रॅम काढा. सोनेरी टोकं साध्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका, आणि एकच रॅम लावून इन्स्टॉलेशन करा. मग दुसरी एकटी लावून करा. दुसऱ्या स्लॉटमध्येही बघा, कधीकधी रॅम चांगली आणि स्लॉटमध्ये धूळ असते. पण पक्कं निदान हवं असेल तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवर घ्या आणि रात्री कारखान्यातून निघताना लावून जा. पाच-दहा मिनिटांची तपासणी काही कामाची नाही. पूर्ण पास होऊ द्यात, जमलं तर दोन-तीन. लाल ओळ एक आली तरी ती रॅम बाद. ‘एकच तर एरर आहे’ असं म्हणून ती परत लावायची नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वेग कुणी वाढवून ठेवला असेल तर तो आधी मूळ सेटिंगवर आणा आणि मग तपासा.

आता उष्णता. यंत्रमागाच्या शेडजवळचं मशीन मी उघडतो तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची चक्क गादी बसलेली असते. साधी धूळ फुंकरीने उडते, हे तंतू हीटसिंकच्या पात्यांत विणल्यासारखे अडकतात आणि वरून पंखा मात्र गरगर फिरताना दिसतो. त्यात आपला एप्रिल-मे, बाहेर ४२ च्या पुढे, पत्र्याच्या छताखाली त्याहून वाईट. साध्या हिशेबाच्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत असतो, त्यामुळे भागून जातं. इन्स्टॉलेशनच्या वेळी तो सलग राबतो, तापतो, आणि मशीन गोठतं किंवा आपोआप बंद होतं. तुमच्याकडे कोड येऊन थांबतंय, मशीन बंद होत नाहीये, म्हणून उष्णतेला मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. तरी साफसफाई कराच. पंखा काढा, हीटसिंक वेगळं करा, ब्रशने तंतू ओढून काढा आणि मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरलं तर त्याचं बेअरिंग जातं. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी. कारखान्यातल्या मशीनला ही सफाई वर्षातून निदान दोनदा हवी, आणि एकदा तरी होळीच्या आधी.

एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतो. नाही सुटला तर केबल आणि डिस्क. मिंटच्या लाइव्हमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे, त्यात स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली, माहिती दिसते. दोन गोष्टी बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचा, आकडा शून्याहून वर असेल आणि वाढत असेल, तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याचा, आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क चांगली आणि साटा केबल, म्हणजे डिस्कची डेटा केबल, वाईट. नवी केबल अगदी थोड्या पैशांत येते. हा फरक न बघता चांगली एसएसडी वॉरंटीत परत पाठवणारे लोक आहेत, आणि नवी आल्यावर तीच केबल लावून पुन्हा डोकं धरून बसतात.

बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, तोही बदला. दहा वर्षांच्या बोर्डवर तो मेलेलाच असतो. कारखान्यात रात्री मेन स्विच पाडला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात आणि तारीख कित्येक वर्षं मागे. मग काल तुम्ही बदललेला साटाचा मोड किंवा बूटची पद्धत आज पुन्हा जुनीच, आणि काल दिसणारी गोष्ट आज दिसत नाही. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत, अपडेट अडतात. ‘दर वेळी वेगळंच काहीतरी होतं’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी घड्याळ बघतो.

आता डेस्कटॉपबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगणं भाग आहे. चौथ्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या यादीत नाही. मायक्रोसॉफ्टची अट आठव्या पिढीपासून पुढे, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षेच्या सोयी. तुमचा सेटअप ही अट न अडवता कॉपीपर्यंत पोचला, म्हणजे रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या साधनात अटी काढून टाकायची खूण केलेली असणार. तसं टाकता येतं, आणि चौथ्या पिढीवर ते चालतंही. त्याहून जुन्या, कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर मात्र विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला येतच नाहीत. पण चालतं म्हणून हिशेबाच्या मशीनवर ते टाकावं, असं मला वाटत नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आली की पुन्हा हाताने हाच खेळ करावा लागतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. मात्र सुरक्षेचे अपडेट पुढे चालू ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. घरगुती मशीनसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. व्यवसायासाठी वेगळी, वर्षाला पैसे भरायची सोय आहे. तुमच्या मालकांना माझा सल्ला असा: रॅमचा घोळ निस्तरला की त्याच एसएसडीवर विंडोज १० स्वच्छ टाका. बोर्ड तोच असल्यामुळे आधीचं अस्सल लायसन्स इंटरनेट लागताच आपोआप लागू होतं. प्रॉडक्ट की टाकायला सांगितलं तर तो टप्पा सोडून पुढे जायचं. आणि मिळालेल्या वेळात आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, कंपनीचा जुना ऑफिस डेस्कटॉप शोधा. एका टॅलीच्या मशीनसाठी तो पुष्कळ होतो. मिंट कायमचं टाकून मोकळं व्हा असं मी घरच्या वापराच्या लोकांना आनंदाने सांगतो. टॅलीवर चालणाऱ्या ऑफिसला सांगत नाही, कारण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे.

आता लॅपटॉप. इथे सगळ्यात आधी विचारतो: जुनं विंडोज अजून उठतंय ना? उठत असेल तर पेनड्राइव्हची गरजच काय? बहिणीचं काम बाहेर कॉपी करा, मग सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत जाऊन ‘रीसेट धिस पीसी’ घ्या. ते मशीनवरच्याच फाइलींवरून नवं विंडोज उभारतं, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. हळू झालेल्या विंडोजला एवढं पुरतं.

तरीही पेनड्राइव्हवरूनच करायचं असेल, तर डिस्क न दिसण्याचं कारण समजून घ्या. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट दिसत नाही, व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते. कंपनीने दिलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर असतो, मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्हमध्ये बऱ्याचदा नसतो. सेटअपला डिस्क दिसत नाही ती एवढ्यासाठी. बायोसमध्ये जाऊन बघा. तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर हार्डवेअर शाबूत आहे, आणि ‘मदरबोर्ड गेला’ हा विषय तिथेच संपला.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलखाली इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर शोधा. तो बहुधा एकाच ईएक्सई फाइलमध्ये असतो. तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर सेटअपला वाचता येत नाही. दुसऱ्या मशीनवर ती उलगडून आतलं आयएनएफ असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. सेटअपमध्ये डिस्कच्या रिकाम्या यादीखाली ‘लोड ड्रायव्हर’ आहे, तिथून ते फोल्डर दाखवा, व्हीएमडी कंट्रोलर असं नाव आलं की निवडा. दोन मिनिटांत डिस्क समोर येते.

काही जण सांगतील, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून टाका. डिस्क दिसेल, खरंय. पण त्यानंतर जुनं विंडोज उठणार नाही, निळा स्क्रीन येईल, आणि बहिणीचं काम अजून आतच असेल तर सगळ्या घराचा जीव टांगणीला लागेल. कोऱ्या डिस्कवर करायला हरकत नाही. भरलेल्या डिस्कवर कॉपी घेतल्याशिवाय नको.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीचंही बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते, वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. बायोसला हात लावायच्या आधी ती काढून कागदावर लिहून ठेवा. ती की नसेल तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही, मलाही नाही, आणि पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यालाही नाही. एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट असा गेलेला मी पाहिलाय, व्हायवाच्या आदल्या आठवड्यात. खात्याचा ईमेल दुकानातल्या पोराने बनवला होता आणि तो कुणाच्याच लक्षात नव्हता.

विंडोज लागल्यावर वायफायचा ड्रायव्हर नसल्यामुळे पहिल्याच स्क्रीनवर नेटसाठी अडलं, तर ॲन्ड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने पुढे जाता येतं.

तुम्हाला अजून न भेटलेले पण हमखास भेटणारे दोन अडथळेही सांगून ठेवतो.

एक म्हणजे डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असा निरोप येतो आणि त्यात जीपीटी किंवा एमबीआर असा शब्द असतो. डिस्कची मांडणी दोन प्रकारची असते. एमबीआर जुनी, ती २ टीबीच्या पुढे जात नाही. जीपीटी नवी. मशीन नव्या, यूईएफआय पद्धतीने सुरू झालं तर विंडोजला जीपीटी हवी, जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालं तर एमबीआर. निरोपाचा अर्थ एवढाच, की पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झालाय आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीची आहे. बूट मेनू उघडा, तोच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. बऱ्याचदा दुसरी नोंद निवडली की प्रश्न मिटतो, डिस्क पुसायची वेळच येत नाही. इंटरनेटवर मात्र पहिला सल्ला असतो शिफ्ट-एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडा आणि ‘क्लीन’ मारा. क्लीन डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवतं, एकदाही न विचारता. कोऱ्या एसएसडीवर खुशाल मारा. तरी ‘लिस्ट डिस्क’ने आकार बघून, कुठली डिस्क निवडली हे तोंडाने मोठ्याने म्हणा, मगच.

दुसरा अडथळा रीस्टार्टनंतरचा. मशीन पुन्हा पुन्हा पहिल्याच स्क्रीनवर येत असेल तर पेनड्राइव्ह अजून लावलेला आहे आणि तोच आधी बूट होतोय. पहिल्या रीस्टार्टला तो काढा. जुन्या विंडोजवरून अपग्रेड करताना मागे फिरत असेल आणि कोड सी१९००१०१ ने सुरू होत असेल, तर तो जवळजवळ नेहमी ड्रायव्हरचा वाद असतो. प्रिंटर, डोंगल, स्कॅनर सगळं काढा, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, मग पुन्हा करा. तरीही नाही जमलं तर पँथर नावाच्या फोल्डरमधली सेटअपएरर लॉगची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. शेवटच्या काही ओळींत बहुधा दोषी ड्रायव्हरचं नाव सरळ लिहिलेलं असतं. ती फाइल उघडायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

राहिला दुकानदार. त्याच्याशी भांडू नका, गर्दीच्या वेळी दिवसाला ढीगभर मशिनं हाताखालून जातात आणि पार्ट बदलून बघणं सोपं वाटतं. पण मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याला तीन गोष्टी नम्रपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या चालत्या रॅमवर बघितलं का? बायोसमध्ये डिस्क दिसते का, मला दाखवता का? आणि माझ्यासमोर मिंटच्या पेनड्राइव्हवर मशीन अर्धा तास चालवता का? लाइव्ह मिंटवर व्हिडिओ चालतोय, फाइली उघडतायत, मशीन गोठत नाहीये, तर बोर्ड मेलेला नाही. इतकं करूनही बोर्ड बदलायचंच ठरलं, तर जुना बोर्ड परत घ्या, तो तुमचा आहे.

आज रात्री जुनी डिस्क काढून मेमटेस्ट लावा. सकाळी त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवा, त्यात एररचा आकडा आणि पास किती झाले ते दिसू द्या. लॅपटॉपच्या बायोसमधल्या स्टोरेजच्या पानाचाही एक फोटो आणि त्याचं पूर्ण मॉडेल, मागच्या लेबलवरून वाचून. फोटोत सीरियल नंबर झाकला तरी चालेल. मग कुठला ड्रायव्हर घ्यायचा आणि कुठली रॅम बदलायची, ते नेमकं सांगता येईल.